तायडे मास्तरांची गोल फेरी

माझ्या औषधाच्या दुकानाला मागचं दार आहे हे मी पार विसरून गेलो होतो. वडिलांच्या काळापासून त्या दारासमोर रिकाम्या खोक्यांची थप्पी होती आणि ती हलवावी असं कुणाला वाटलं नव्हतं. एका सकाळी खाकी शर्ट घातलेले, ताठ कण्याचे एक गृहस्थ आले. गुडघ्याचं मलम घेतलं, पैसे दिले आणि म्हणाले, "मागचं दार कुठी हाय?"

"काऊन?" मी विचारलं.

"जाचं हाय."

"मंग ज्या दारानं आले त्याच दारानं जा ना."

"मी रिव्हर्स घेत नसतो," ते म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. गिऱ्हाइकांची रांग लागली. शेवटी मी आणि माझ्या नोकराने बत्तीस खोकी हलवली, गंजलेली कडी काढली, आणि हे महाशय मागच्या बोळातल्या गटारावरून उडी मारून निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "खोके परत लावू नका. पुढच्या महिन्यात मलम संपते."

हे तायडे मास्तर. आमच्या जळगाव जामोदात शाळेबाहेरही मास्तर असतात, कारण आमच्याकडे बसच्या कंडक्टरलाही मास्तरच म्हणतात. तायडे मास्तरांनी एकतीस वर्षं कंडक्टरकी केली आणि निवृत्त होताना नोकरी तेवढी मागे ठेवली, बाकी सगळं बरोबर घेऊन आले. त्यांच्या घरात ते पुढच्या दारानं बाहेर पडतात आणि परसदारानं आत येतात. त्यांच्या न्हाव्याच्या दुकानाला एकच दार आहे, म्हणून न्हावी खुर्ची रस्त्यावर आणून त्यांची दाढी करतो. लग्नाच्या हॉलमध्ये ते समोरून शिरतात आणि भटारखान्यातून बाहेर पडतात. त्यामुळे अर्धा तालुका त्यांना वाढपी समजतो आणि भाताचा कितवा हंडा चढलाय ते विचारतो.

माझी आणि त्यांची खरी ओळख साखरेनं करून दिली. डॉक्टर म्हणाले, चाला. दुसऱ्यांना गोळ्या विकणाऱ्या माणसाला असलं काही सांगितलं की फार लागतं. मी दुकानात चिडचिड करत होतो, तेवढ्यात मास्तर मलम घ्यायला आले. म्हणाले, "रविवारी सहा दहाले या. स्टँडच्या गेटापाशी. एक सीट खाली हाय."

मी सहा वाजून बारा मिनिटांनी पोचलो. गेटापाशी एक कुत्रं होतं. मास्तर लांब कपाशीच्या शेतापर्यंत पोचले होते. मी धोतर सावरत पळणाऱ्या नवरदेवाच्या बापासारखा धापा टाकत त्यांना गाठलं, तर ते चाल कमी न करता म्हणाले, "धावत्या गाडीत चढू नका. बोर्ड वाचला नाही का कवा?"

ही त्यांची गोल फेरी. गावातून निघायचं, कपाशी-तुरीतून डोंगराच्या अंगाला लागायचं, सागाच्या जंगलातून मोहाटी, तिथून वर उंबरदरा, मग उताराने नदीत, दगडांवरून नदी ओलांडून संत्र्याच्या बागांकडेनं पुन्हा स्टँड. तेरा किलोमीटर. उंबरदऱ्याला डांबरी संपते आणि पूर्वी बस तिथून मागं फिरायची. पुढची नदीची पायवाट मास्तरांनी निवृत्तीनंतर शोधून काढली, कारण तिच्यामुळे मागं फिरावं लागत नाही. त्यांच्या काठीला सायकलची घंटी बसवलेली आहे. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. बेल झाल्याशिवाय थांबायचं नाही आणि डबल झाल्याशिवाय हलायचं नाही, मग पायाखाली मुंग्यांचं वारूळ का असेना.

जंगल लागलं की ते पळसाचं एक पान तोडतात, खिशातला जुना पंच काढून त्याला टिक करून भोक पाडतात आणि माझ्या हातात देतात. "तिकीट सांभाळा. चेकिंग लागते." पहिल्या दिवशी मी ते पान टाकून दिलं. मोहाटीच्या अलीकडे वनरक्षक भेटला. त्याने कधी कुणाला तिकीट विचारलं नसेल, पण मास्तरांनीच त्याला सांगितलं, "ह्या प्रवाशाले विचारा." दंड म्हणून स्टँडपर्यंत मास्तरांची पिशवी मी वाहिली. पिशवीत काय होतं, तर माझी पाण्याची बाटली, जी त्यांनी 'सामान' म्हणून आधीच जमा करून घेतली होती.

आम्ही दोघंच असलो तरी चढावर ते ओरडतात, "पुढं सरका, पुढं सरका, मागं लोकं लोंबकळून राह्यले!" मागे एखादी शेळी असते. मोहाटीच्या वर सावलीत एक छान सपाट दगड आहे. त्यावर मी बसायला गेलो की हात आडवा येतो, "ते आमदाराची राखीव सीट हाय." एवढ्या वर्षांत तिथं आमदार काय, सरपंचसुद्धा आला नाही. मी शेजारच्या टोकदार दगडावर बसतो.

एकदा निघाल्यावर दोनशे पावलांत त्यांच्या लक्षात आलं की चष्मा पुलाच्या कठड्यावर राहिला. पूल मागे दिसत होता, चष्मा चमकत होता. मी म्हटलं, "आणतो पळत जाऊन." ते म्हणाले, "प्रवाशानं मधात उतरू नये." तेरा किलोमीटर फिरून, उलट्या बाजूनं गावात शिरून, स्टँडवरून पुन्हा सरळ जाऊन आम्ही तो चष्मा घेतला. मधल्या वेळात मास्तरांनी तुरीतल्या एका बुजगावण्याला 'जय भीम' घातला आणि त्यानं उत्तर दिलं नाही म्हणून मोहाटीपर्यंत ते त्याच्यावर चिडून होते.

या सगळ्या फेरीत एका ठिकाणी मात्र ते थांबत नसत. उंबरदऱ्याला. गाव म्हणजे वीसेक घरं आणि एक हातपंप. पाणी प्यावं म्हटलं की, "इथी थांबा नाही." शेवटच्या घराच्या अंगणात बाजेवर एक म्हातारा रस्त्याकडे पाठ करून बसलेला असे. त्या घरापाशी आलं की मास्तर नाकासमोर बघत खिशातला पंच उगाचच वाजवत. टिक-टिक-टिक. तिकडून पाठमोरा म्हातारा खोकत असे. आम्ही पुढे जात असू. दर रविवारी टिक-टिक आणि खोकला. मला वाटायचं म्हाताऱ्याला दमा आहे, आणि औषधवाला असल्यामुळे मी मनातल्या मनात सिरपही सुचवत असे.

उलगडा शांताकाकूंनी केला. त्या मास्तरांच्या पत्नी. दुकानात समोरून येतात, समोरूनच जातात.

"थो सुपडाभाऊ," त्या म्हणाल्या. "ह्याहीचा ड्रायव्हर. बावीस वर्सं एका गाडीवर होते दोघं. एका डब्यात जेवत. ह्याहीले माह्या हातच्यापेक्षा त्याच्या घरचा ठेचा गोड लागे."

"मंग बिघडलं कुठी?"

"न्हाणीत!" काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

झालं होतं असं. उंबरदऱ्याला बस मागे घेऊन फिरवावी लागे. कंडक्टर मागे उभा राहणार, 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणणार, आणि पत्र्यावर एक थाप मारली की ड्रायव्हरने थांबायचं. निवृत्तीला महिना उरला असताना एका संध्याकाळी मास्तरांनी थाप मारली आणि तरी बस मागे आली ती थेट सुपडाभाऊंच्या स्वतःच्या घराच्या नव्या न्हाणीत. सिमेंट अजून ओलं होतं. आत कुणी नव्हतं, एक नवीकोरी बादली तेवढी शहीद झाली. सुपडाभाऊंनी जबाबात लिहून दिलं की कंडक्टरने थाप मारलीच नाही. मास्तरांना मेमो मिळाला. एकतीस वर्षांतला पहिला आणि शेवटचा.

"निवृत्तीच्या दिवशी हार घालून घरी आले," काकू म्हणाल्या, "अन् थो हार तसाच खुंटीले टांगून दिला. मले म्हणे, शांता, मी मारली व्हती थाप. तवापासून रिव्हर्सचं नाव काढू देत नाही. सहा वर्सं झाले. दोघंबी बोलत नाहीत."

मला तेव्हा वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर हसूही आलं. एका न्हाणीपायी बावीस वर्षांची दोस्ती मोडली होती आणि तिच्यापायी माझं मागचं दार उघडलं होतं.

दिवाळी होऊन गेल्यानंतरचा एक रविवार. कापूस वेचणीला आलेला, जंगलात पान पिवळं पडायला लागलेलं. आम्ही उंबरदऱ्यात शिरलो. शेवटच्या घरासमोर एक पांढरी मोटार उभी होती आणि बाज रिकामी होती. मास्तरांनी पंच वाजवला. टिक-टिक-टिक. खोकला आला नाही. त्यांनी पुन्हा वाजवला, जरा जोरात. मग मान खाली घालून ते उताराला लागले.

मी नियम मोडून हातपंपावर थांबलो. पाणी भरणाऱ्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "सुपडाभाऊ चालले ना आज पोराकडं, नाशिकले. गुडघे गेले त्याहीचे. आता कायचे वापस येतात!"

मी पळत नदीवर गेलो. मास्तर पात्रात मधल्या दगडावर उभे होते.

"मास्तर, सुपडाभाऊ गाव सोडून चालले. कायमचे. मोटार त्यांनाच न्यायला आली."

"प्रवाशानं चालत्या गाडीत गप्पा करू नये," ते म्हणाले. पण पुढच्या दगडावर पाय पडेना. पाणी घोट्याएवढंही नव्हतं. माणूस मात्र महापुरात अडकल्यासारखा उभा होता. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "मेडिकलवाले, मागं जागा हाय का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी मागे सरकलो, हात हलवत म्हणालो, "येऊ द्या मास्तर. येऊ द्या, येऊ द्या."

आणि तायडे मास्तर मागे फिरले. सहा वर्षांत पहिल्यांदा. चढावर त्यांनी मला असं मागे टाकलं की आमदाराच्या सीटवर बसून घ्यायचा विचार माझ्या मनात येऊन गेला.

आम्ही पोचलो तेव्हा गाठोडी भरून झाली होती. सुपडाभाऊ पुढच्या सीटवर बसले होते आणि त्यांचा मुलगा गाडी मागे घेत होता. एका बाजूला हातपंप, दुसऱ्या बाजूला नव्यानं बांधलेली न्हाणी. गाडीत कसलंसं यंत्र पीं-पीं करत होतं आणि मुलगा त्याच्याकडे बघून चाक फिरवत होता. गाडी सरळ न्हाणीकडे निघाली होती.

मास्तर काही न बोलता मागे जाऊन उभे राहिले. "डावीकडं दाबा. येऊ द्या. येऊ द्या. येऊ द्या…" आणि त्यांनी पत्र्यावर एक थाप मारली. गाडी जागच्या जागी थांबली. न्हाणी वीतभर लांब होती.

मुलाने हात जोडले, गिअर टाकला. आतून सुपडाभाऊंचा आवाज आला, "थांब."

"काय झालं बाबा? उशीर होऊन राह्यला."

"एकच पडली. मास्तरची डबल पडल्याबिगर गाडी हालत नसते."

मास्तरांचा हात पत्र्यावर तसाच होता. दुसरी थाप काही पडेना. सुपडाभाऊ दार धरून, गुडघे सांभाळत उतरले आणि मागे आले. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले.

"मास्तर," सुपडाभाऊ म्हणाले, "त्या दिवशीची थाप मले आयकू आल्ती."

मास्तरांनी पत्र्यावरचा हात खाली घेतला.

"पाय ब्रेकवर पोचेपर्यंत गाडी न्हाणीत. आपल्याच घराले गाडी लावली म्हून गाव हासलं असतं. म्हून तुह्यावर ढकललं."

"गाव तरीबी हासलंच ना बे," मास्तर म्हणाले.

"हाव. लय हासलं."

"मंग हे सांगाले सहा वर्सं काऊन लागले?"

"तू थांबत कुठी होता? टिकटिक करत निंघून जाय."

"तू पाठ करून बसे!"

"खोकलत तर होतो ना बे दर रविवारी!"

यावर दोघंही हसले. हसता हसता मास्तरांनी डोळे पुसले, सुपडाभाऊंनी तर डोळ्यांतलं पाणी लपवलंही नाही. मग मास्तरांनीच त्यांना धरून सीटवर बसवलं, दार लावलं आणि पुन्हा मागे आले. हात उचलला. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. थोड्या वेळानं पत्र्यावर दोन थापा पडल्या आणि गाडी गेली.

पुढच्या रविवारी आम्ही ठरल्या वेळी निघालो. तिकीट झालं, आमदाराची सीट चुकवली. उंबरदऱ्यात शेवटच्या घराला कुलूप होतं आणि बाज भिंतीला उभी करून ठेवली होती. तिथं मास्तरांच्या काठीची घंटी एकदा वाजली. मी थांबलो.

"इथी थांबा नाही ना मास्तर?"

"नवा मंजूर झाला," ते घड्याळाकडे बघत म्हणाले. "दोन मिनिटं."

त्यांनी खिशातून पंच काढला आणि वाजवला. टिक-टिक-टिक. अंगणात काहीच हललं नाही. दोन मिनिटं झाली, तीन झाली. मास्तर त्या उभ्या बाजेकडे बघत होते, बेल काही वाजेना.

मग मी खोकलो.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घंटी दोनदा वाजली आणि आम्ही नदीच्या उताराला लागलो.