धक्काशोषक रेषा

वस्तू आधी जन्माला येते आणि तिचे वर्णन मागाहून होते, असा एक गैरसमज समाजात फार जुना आहे. नाचणगाव रस्त्यावरच्या ‘पंचमुद्रा पॉलिमर’ या कारखान्याने तो कायमचा दूर केला. याबद्दल समाजाने त्यांचे जाहीर आभार मानायला हवेत. (अद्याप मानलेले नाहीत.)

या कारखान्यात बंदुकीचे दस्ते होतात. दस्ता म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकवायचा मागचा भाग. पूर्वी तो लाकडाचा असे आणि त्याला नुसते दस्ता म्हणत. आता नायलॉनचे दाणे आणि काचतंतू वितळवून साच्यात दाबतात, आणि बाहेर येते त्याला काय म्हणायचे हे रूपाली ठरवते. रूपाली मराठीची एम.ए. आहे. नोकरी लागेपर्यंत तिने बंदूक पाहिली होती ती जत्रेत, फुगे फोडायची. त्यामुळे तिचे मन पूर्वग्रहांपासून मुक्त होते.

दस्ता काळा असतो, पण माहितीपत्रकात काळा रंग नाही, ‘निशाचर छटा’ आहे. आतून पोकळ असतो, ती ‘हवागर्भ रचना’. साचा जुना होऊन त्याला खड्डे पडले आणि दस्ते खरबरीत निघू लागले, तेव्हा ‘सर्व ऋतूंत घट्ट पकड’ हे वैशिष्ट्य आपोआप उत्पन्न झाले. साचा नवा घेण्याचा विषय त्या दिवशीच मिटला.

आता शास्त्र. दाण्यांत ओल राहिली तर दस्ता ठिसूळ होतो, म्हणून दाणे आधी यंत्रात वाळवावे लागतात. यंत्र बंद होते. मालक मधुकरराव यांच्या पत्नी कमलाबाई मे महिन्यात गच्चीवर जुन्या लुगड्यांवर कुरड्या घालतात. मधुकररावांनी शेजारीच दाणे पसरले. वर्ध्याचे ऊन कोणत्याही यंत्राच्या तोंडात मारेल असे, त्यामुळे माल फर्मास निघाला. रूपालीने लिहिले, ‘सौरसंस्कारित’. (एका दस्त्यात कुरडी सापडल्याची तक्रार आली. ‘सेंद्रिय घटक’ असे उत्तर गेले.)

पण मधुकरराव पद्धतीला पक्के. श्रावणातही दाणे गच्चीवरच. परिणामी प्रत्येक दस्त्यावर मुठीच्या वर एक बारीक रेघ दिसू लागली. रूपाली एक दस्ता घेऊन मधुकररावांच्या केबिनमध्ये गेली.

“काका, हा तडकून राह्यला.”

“तडकला काऊन म्हणतं वं? चांगलं काही लिही ना! तुले ठेवलं कायले मंग?”

तिने लिहिले: ‘धक्काशोषक रेषा. गोळी सुटतानाचा धक्का या रेषेत विरून जातो.’ वाक्य इतके सुंदर उतरले की मधुकररावांनी डोळे पुसले. गिऱ्हाईक तर वेडेच झाले. बिनरेघेचे दस्ते ‘जुना माल’ म्हणून परत येऊ लागले. पुढच्या उन्हाळ्यात रेघ येईना, तेव्हा वाळलेल्या दाण्यांवर झारीने पाणी शिंपडण्याची अधिकृत प्रथा सुरू झाली. रूपालीचा पगार वाढला.

इथवर सगळे मंगल होते. मग तिचा धाकटा भाऊ विक्की एका पतसंस्थेत दारावरचा रखवालदार म्हणून लागला. पहिल्या दिवशीचा फोटो त्याने घरच्यांना पाठवला: छाती पुढे, खांद्याला बंदूक, आणि मुठीच्या वर ती रेघ. उद्या बार काढला आणि दस्ता फुटला, तर कपच्या सरळ डोळ्यात. रूपाली जेवण टाकून पतसंस्थेत धावली.

दारातच तिने दस्त्यावर बोटाने टिचकी मारली. बद्द आवाज आला.

“हात नको लावू ताई, संस्थेचा माल आहे.”

“विक्की, हे बंदूक वापस कर. दस्ता तडकेल आहे.”

“तडकेल नाई वं, धक्काशोषक रेषा आहे ते. पत्रकात छापून आहे.”

“अरे पोट्ट्या, मीनंच लिहिलं ना ते! खोटं आहे! तुयी शप्पथ!”

विक्की हसला. मोठ्या बहिणीचा असा अभिमान त्याच्या चेहऱ्यावर पूर्वी कधी दिसला नव्हता. “तू लिहिलं म्हणून तं भरोसा आहे मले. दुसऱ्या कोणाचं असतं तं मी ठोकून पाह्यलं असतं.”

रूपाली तिथेच पायरीवर बसली आणि रडली. आवाज ऐकून व्यवस्थापक बाहेर आले, त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि तिला अत्यंत आदराने विचारले, की आमच्या तिजोरीचे दार नीट लागत नाही, त्यावर काही लिहून द्याल का?

हे सगळे भर दुपारी, भरल्या रांगेसमोर घडले. दस्ता तडकलेला, दार न लागणारे, आणि लिहिणारी बाई स्वतः खोटे म्हणून सांगते आहे. रांगेतल्या प्रत्येकाने कानांनी ऐकले. कोणी हलले नाही. नंबर गेला असता ना.

रांगेत तिसरे तुम्ही होता. एका हातात पैसे भरायची पावती, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत टरबूज होते, बाजारात चार ठिकाणी ठोकून, कान लावून घेतलेले.