शालिनीकाकूंच्या घरातला बर्फ

तुमच्या घरात वारा कोण अंगावर घेतं? म्हणजे पुढे राहून झिजतं कोण, आणि त्याच्या आडोशाने आरामात पुढे सरकतं कोण?

शारजात, रोल्ला भागात, आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शालिनीकाकू हा प्रश्न कोणालाही विचारतात. वॉचमनला, एसीवाल्याला, नव्या जोडप्याला तर हमखास. काकूंना बायकांच्या बर्फावरच्या स्पीड स्केटिंगचं वेड आहे आणि त्यातही फक्त मास स्टार्टचं. बाकीच्या शर्यतींत दोघी-दोघी घड्याळाशी झुंजतात. "ती काय शर्यत? टायपिंगची परीक्षा!" मास स्टार्टमध्ये सगळ्या एकदम सुटतात आणि घोळक्याने फिरत राहतात. पुढचीला वारा लागतो, मागच्या तिच्या आडून दम राखतात आणि शेवटी तिलाच मागे टाकतात. कधी कधी पुढची मुद्दाम झिजते, आपल्याच देशाची दुसरी जिंकावी म्हणून.

नोव्हेंबरात मोसम सुरू झाला की काकू शर्यतीच्या दिवशी एसी सोळावर आणतात, स्वेटर-कानटोपी चढवतात आणि टीव्हीसमोर बसतात. "त्या पोरी तिकडे गारठतायत आणि मी गाऊनवर बसू? शोभतं का?" काका हमरिया फ्री झोनमधल्या कामावरून घामाघूम होऊन येतात आणि स्वतःच्या घरात रजई शोधतात.

हळदीकुंकवाला माझा विरोध आहे. सौभाग्याच्या नावाने बायकांची वाटणी करणारा समारंभ मला नको. काकूंनी जिन्यातच गाठलं. "मोर्चेवाली, गपचूप ये. आमच्याकडे मास स्टार्ट आहे, सगळ्या एकाच रेषेवर." गेले तर खरंच, पहिलं कुंकू त्यांनी शेजारच्या विधवा आजींना लावलं. मीही कपाळ पुढे केलं. मग वाण आलं. काय? लोकरीची कानटोपी! शारजात! भरजरी साड्यांवर कानटोप्या घालून सगळ्या शर्यत बघायला बसल्या आणि "यल्ला, यल्ला!" ओरडू लागल्या.

"शालिनीताई, ती पुढे आहे ना, तीच जिंकणार," जोशीबाई म्हणाल्या.

"हबीबी, तीच हरणार. बघत राहा."

ती हरली. काकू विजेतीकडे बघतसुद्धा नाहीत. पुढे राहून दमलेली पोरगी मागून रेषेवर पोचेपर्यंत त्या उभ्या राहून टाळ्या वाजवतात आणि आम्हालाही बसू देत नाहीत.

त्या दिवशी एक निळी कानटोपी उरली. ती मुग्धाची, काकूंच्या मुलीची. मुग्धा लहानपणी मॉलमधल्या रिंकवर स्केटिंग शिकायची. चांगली होती. पण धाकट्या भावाला कॅनडाला शिकायला पाठवायचं ठरलं आणि काकूंनी तिला सांगितलं, "खलास." स्केट्स कोणाला तरी देऊन टाकले, मुग्धाने लवकर नोकरी धरली, भाऊ तिकडे शिकायला गेला. आता ती दुबईत, सिलिकॉन ओएसिसला नोकरी करते आणि तिथेच राहते. आईने शर्यतीचं नाव काढलं की म्हणते, "ममी, आय ॲम डन विथ आइस."

या मोसमात काकूंना एकच हवं होतं. शेवटची शर्यत मुग्धाने शेजारी बसून बघावी.

"तिला आवडत नाही, तर कशाला आग्रह?" मी विचारलं.

"शर्यत नाही गं दाखवायची. ती पुढची पोरगी दाखवायचीय. मग मला काही बोलावं लागणार नाही."

शेवटच्या शर्यतीला येते म्हणून मुग्धाने कबूल केलं होतं. सोफ्यावर निळी कानटोपी मांडून ठेवली होती, थालीपिठं झाकून ठेवली होती. टीव्हीवर मुली रेषेवर येऊन उभ्या राहिल्या आणि फोन वाजला. स्पीकरवर मुग्धा. "ममी, ऑफिसमध्ये अडकलेय. नेक्स्ट वीक नक्की, ओके?"

पुढच्या आठवड्यात शर्यत नव्हती. मोसम आज संपत होता. काकूंनी ते सांगितलं नाही.

"बरं. जेवलीस का?"

फोन ठेवला. शर्यत सुटली. एक पोरगी फेरीमागून फेरी वारा घेत राहिली, तिची जोडीदारीण जिंकली आणि कॅमेरा जिंकलेलीच्या मागे गेला. ही कधी पोचली ते दिसलंच नाही. काकू तरीही उभ्या राहिल्या आणि पडद्याच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत टाळ्या वाजवत राहिल्या. मग त्यांनी एसी बंद केला.

"नोव्हेंबरात बोलावू परत," त्या म्हणाल्या. "इन्शाल्ला."

मला या सगळ्याचा राग येतो. काकूंचाही येतो. त्याग स्वतः करायचा असतो. मुलाला पुढे काढण्यासाठी मुलीकडून करवून घेतला, तर त्याला त्याग म्हणत नाहीत, लूट म्हणतात. काकूंना हे माझ्याआधी कळलंय. तोंडातून मात्र निघत नाही.

म्हणून तुम्हाला विनंती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एव्हाना तुम्हाला आठवलं असेल. तिला आजच फोन करा. आणि कृपा करून, "जेवलीस का?" एवढंच विचारून ठेवू नका.