सातचं औषध

स्क्रीनवर वेळेच्या शेजारी ती वेळ कुठल्या गावची हे लिहायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. मी लिहिलं नाही. उगाच गर्दी दिसत होती. (माणसाला सौंदर्यदृष्टी असावी, पण घरात मूल तापानं फणफणलेलं असताना नसावी.)

झालं असं की बायको ऑफिसच्या ट्रेनिंगला परदेशी गेली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या चिऊला ताप भरला. डॉक्टरबाईंनी औषध दिलं आणि बजावलं, "दोन डोसांमध्ये सहा तास गेलेच पाहिजेत. त्याआधी अजिबात नाही!" मदतीला सासूबाई होत्या. पण कोणी दिलं, कधी दिलं, याचा घोळ नको म्हणून मी एक छोटंसं वेबपेज केलं. औषध पाजलं की बटण दाबायचं. वेळ आपोआप उमटणार. वेबसाइट बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. (घरात माझ्यावर सोपवता येईल असं तेवढंच एक काम.)

बायकोनं तिकडून पाहिलं आणि लगेच फोन केला.

"अरे, या वेळा तुमच्याकडच्या आहेत. मी दरवेळी साडेचार तास वजा करत बसू का?"

"तू कशाला? कॉम्प्युटर करेल!" मी छाती फुगवून म्हणालो, आणि जो पाहील त्याला त्याच्या गावची वेळ दिसेल अशी सोय करून टाकली. बायको चक्क "छान" म्हणाली. तिथंच मला संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला चिऊला औषध पाजून मी ऑफिसला गेलो. एकच्या सुमारास मीटिंगमध्ये बायकोचा मेसेज आला: "आईला सातचं औषध सांगितलंय. ती आता पुढचा डोस देतेय. तू कुठे आहेस?"

सातचं? सातला तर मी घोरत होतो!

मग पायाखालची जमीनच सरकली. आमचे साडेअकरा म्हणजे तिकडचे सात! सासूबाईंच्या फोनवर ते पान उघडेना. जावयाला ऑफिसात कशाला त्रास, म्हणून त्यांनी लेकीला विचारलं. लेकीनं ट्रेनिंगला निघायच्या घाईत समोर दिसलं ते वाचून दाखवलं. आणि सात ते एक, सहा तास चोख भरले.

बायकोला फोन लावला, बंद. सासूबाईंना लावला, वाजतोय नुसता. मी खुर्ची पाडून उठलो.

"कुठे निघालात?" साहेब म्हणाले.

"सर, सात वाजले!"

"एक वाजलाय."

"तेच तर!"

स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. प्रत्येक सिग्नल माझ्यासाठीच लाल होत होता. घरी पोचून मी दार बडवायला लागलो. (किल्ली खिशात होती.) सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवून दार उघडलं.

"हळू! आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

"आई, औषध?"

"दिलं की. घड्याळ बघून दिलं."

मी चपलांच्या रॅकवर बसलो. "अहो, मी साडेअकराला दिलं होतं!"

"पण ही तर सातला म्हणाली."

"ते तिचे सात!"

"तिचे सात, आपले सात, असं कुठे असतं का?"

असतं, आणि त्याचाच मला पगार मिळतो. पण ते समजावण्याइतकी धाप कमी झाली नव्हती. माझा चेहरा बघून त्याही चरकल्या. मी डॉक्टरबाईंना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि कसंबसं सगळं सांगितलं.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वेळचं किती पोटात गेलं?"

"पोटात कुठे हो!" सासूबाईंनी गुलाबी झालेला टॉवेल उचलला. "फुर्रर्र करून सगळंच्या सगळं माझ्या अंगावर उडवलं. परत पाजणार होते, तर झोपूनच गेली."

तो चिकट टॉवेल मी छातीशी धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत चिऊ तोंड उघडं टाकून शांत झोपली होती.

"मग काळजी नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ताप बघत राहा. पुढचा डोस साडेपाचला."

आता मात्र मला चूक करायची नव्हती. मी पेन काढलं आणि विचारलं, "साडेपाच म्हणजे कुठले साडेपाच?"



"फोन आजींकडे द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या.