सातवी रांग

धनेश सावंतच्या बॅटऱ्या खोलीत मावेनात.

खोली होती दूरच्या एका अणुऊर्जा प्रकल्पात आणि धनेश परळच्या कचेरीत डोकं धरून बसला होता. बाहेरची वीज गेली, जनरेटरही रुसला, तरी सुरक्षेची यंत्रं आठ तास चालायलाच हवीत. त्यासाठी बॅटऱ्या किती, ते त्याने ठरवायचं होतं. हिशेबात आल्या आठ रांगा आणि खोलीत मावतात सहाच, असं विभागप्रमुख मृणालिनी मॅडमनी बजावलेलं. त्याच्या सहीने जाणारा हा पहिलाच हिशेब. मंगळवारी मॅडमना दाखवायचा, नाहीतर काम शेजारच्या टेबलावरच्या शंतनुकडे जाणार, म्हणून गड्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

त्यात रविवारी लालबागच्या घरी वडिलांची, दौलतरावांची एकसष्टी. पानं चाळीस.

"धना, तू इंजिनिअर ना? तांदूळ किती लागतील सांग," आई रखमाने विचारलं.

हिशेब चार किलोंचा झाला. फजिती नको म्हणून त्याने पाच सांगितले. दौलतरावांनी सहा आणले. रखमाने घरातला एक किलो ओतला. शेजारच्या अनुजाकाकूंनी धुताना आपले दोन घातले, तेही गुपचूप. पाहुणे ढेकर देऊन गेले, तरी पातेलं निम्मं भरलेलं. मग चाळीत घरोघर मसालेभाताची ताटं निघाली. तिसऱ्या मजल्यावरच्या कुशाबांनी तर दार उघडायच्या आधीच आतून "जेवलो" म्हणून सांगितलं.

"मी एक किलो जास्तच सांगितला होता, आई," धनेश वैतागला.

"माका काय म्हायत? तू वाढवलंस, ता सांगूक नको? आम्ही आपला तुझ्या आकड्यावर घातला."

धनेशच्या हातातला डाव तसाच राहिला.

सोमवारी सकाळीच त्याने कचेरीत पंपांना लागणाऱ्या विजेचा आकडा देणाऱ्या जगदीशला गाठलं. "खरा आकडा बोल. वरचं किती धरलंस?"

"वीस टक्के रे. सेफ्टीचं काम, कमी पडलं तर?"

बाकी यंत्रांचे आकडे देणाऱ्यांचंही तेच, आणि त्या सगळ्यावर धनेशने इमानदारीत स्वतःची वाढ चढवलेली. त्याने मूळ आकडे घेतले. बॅटरी जुनी होणार, थंडीत मंदावणार, म्हणून जी वाढ हवी ती एकदाच धरली आणि प्रत्येक वाढीपुढे धरणाऱ्याचं नाव घातलं. बरोब्बर सहा रांगा.

मंगळवारी मॅडमनी पानन् पान तपासलं आणि सही केली. धनेशचा जीव भांड्यात पडला.

"छान केलंस. आता सांगायला हरकत नाही, खोलीत सात रांगा मावतात."

"पण मॅडम, तुम्हीच सहा म्हणालात."

"जरा हातचं राखून सांगितलं होतं."

धनेशने कागद हळूच आपल्याकडे ओढला आणि यादीत शेवटी लिहिलं: 'एक रांग, मृणालिनी मॅडम.' मॅडमनी ते वाचलं आणि त्याच्यापुढेही मुकाट्याने सही केली.