मोठ्या आईंनी आवरलेले शेत

पाहुणा दारात उभा आहे आणि घर विस्कटलेले आहे, असा प्रसंग आपल्या हयातीत घडणे नाही, असे मोठ्या आई छातीठोकपणे सांगत. आणि सरकारी साहेब झाला तरी पाहुणाच.

हा साहेब मात्र घर नव्हे, ओढ्याकडचे शेत पाहायला येणार होता. ते वर्षभर न नांगरता, न कापता तसेच राहू द्यायचे, रानपाखरांना गवतात घरटी करू द्यायची आणि त्याबद्दल सरकारने अनुदान द्यायचे, अशी योजना होती. अनुदान मिळाले असते, तर मोठ्या आईंच्या धाकट्या मुलाला दूरच्या खाणीत कामाला जावे लागले नसते. थोरला त्याच खाणीतून खोकला घेऊन परतला होता, आणि त्या खोकल्यानेच त्याला नेले होते. म्हणून धाकट्याने आईला परोपरीने बजावले होते, की गवताला हात लावायचा नाही. मोठ्या आईंनी ते ऐकून घेतले होते. आळशी माणसाला गवत कापायचे नसले की तो सरकारचे नाव पुढे करतो, हे त्या ओळखून होत्या.

धाकटा साहेबांना आणायला स्टँडवर गेला आणि इकडे मोठ्या आईंनी कंबर कसली. सुनेने "अहो आई, हे तर म्हणत होते..." म्हणून तोंड उघडले, तो तिच्याच हातात विळा आला. शेजारचे दोघे भाऊ हाकेसरशी हजर झाले. मोठ्या आईंना नाही म्हणण्याची छाती पंचक्रोशीत कुणाला नव्हती. साहेब येईपर्यंत शेत न्हाव्याच्या खुर्चीवरून नुकत्याच उठलेल्या नवरदेवाच्या गालासारखे तुळतुळीत झाले होते. वर पाखरे कलकलाट करीत घिरट्या घालत होती. मोठ्या आईंना वाटले, कौतुकानेच.

साहेब बांधावर थांबले, ते पुढे येईनात.

"बघा साहेब, काडी सापडली तर दाखवा," मोठ्या आई म्हणाल्या.

"आणि घरटी?" साहेबांनी हळूच विचारले.

मोठ्या आईंच्या खुणेसरशी सुनेने टोपली पुढे केली. आत धुतलेल्या फडक्यावर ठिपक्याठिपक्यांची अंडी ओळीने मांडलेली होती.

"एकही फुटू दिलं नाही. पुसूनसुद्धा ठेवलीत."

साहेब भला गृहस्थ. त्यांनी टोपी काढली, टोपलीकडे पाहिले आणि टोपी परत घातली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, एवढेच म्हणून ते वळले. तेव्हा कुठे मोठ्या आईंच्या डोक्यात प्रकाश पडला.

"थांबा हो, साहेब! गवत बांधावरच पडलंय. सांगाल तिथे उभं करून देते."

धाकटा रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी तो पिशवी भरून दारात उभा राहिला. मोठ्या आईंनी सवयीने त्याच्या बाहीवरचे कुसळ टिपले. एरवी ते चुलीत गेले असते. आज मुलगा वळणाआड होईपर्यंत त्यांनी ते मुठीत धरून ठेवले. मग ओढ्याकडच्या शेताच्या मधोमध जाऊन त्यांनी ते अलगद जमिनीवर ठेवले आणि सुनेला दरडावले,

"इकडे कुणी फिरकायचं नाही. आणि हे बघ, मी विळा घेऊन निघाले, तर मलासुद्धा अडव."