मरतुकड्या झाडांचा वाली

सर्व्हेअरसाहेब त्या संध्याकाळी गेले होते बाथरूमचा बल्ब आणायला आणि घेऊन आले मरायला टेकलेलं एक फर्न. बल्ब राहिलाच. (पुढे महिनाभर घरातले दोघंही चाचपडत आंघोळ करत होते आणि फर्न मात्र उजेडात बसलं होतं.)

त्या मोठ्या दुकानात अगदी मागे, झाडू आणि बादल्यांच्या शेजारी, चाकांचा एक रॅक असतो. टवटवीत झाडं पुढे काचेजवळ दिमाखात उभी असतात. त्यांतली जी पिवळी पडतात, मान टाकतात, ती मागे येतात. अंगावर ‘निम्मी किंमत’ची नारिंगी चिठ्ठी बसली, की त्यांना पाणी घालायचंही कोणाच्या मनात येत नाही.

साहेब विमा कंपनीत होते. ठोकलेली गाडी बघायची आणि ती दुरुस्त होईल की टोटल लॉस, ते सांगायचं. मालक रडो नाहीतर भांडो, साहेबांनी नकारार्थी मान हलवली की गाडी भंगारात. पण हल्ली फोटोवरूनच निकाल देणारं यंत्र आलं होतं आणि साहेबांचं टेबल जिन्याखाली गेलं होतं. त्यामुळे असेल, पण त्या रॅकसमोर उभं राहिलं की त्यांचा पाय तिथून निघत नसे. ज्याच्याकडे कोणी बघत नाही त्याच्याकडे आपण तरी बघावं, असं त्यांना मनापासून वाटे. यात वाईट काहीच नव्हतं. वाईट एवढंच, की घर दोन खोल्यांचं होतं.

फर्न जगलं, तिथेच घात झाला. एका यशाने माणूस जेवढा बिघडतो तेवढा दहा अपयशांनी बिघडत नाही. फर्नमागून कोरफड आली, कोरफडीमागून स्नेक प्लांट, मग एक निवडुंग (निवडुंगाला पाण्यावाचून मारून दाखवणं सोपं नाही, पण दुकानाने ते जमवलं होतं). फ्रिजवर, बुटांच्या कपाटावर, टीव्हीच्या दोन्ही बाजूंना कुंड्याच कुंड्या. टीव्हीवरची बातमीदार बाई कायम झुडपाआडून बोलायची.

लेक लग्न होऊन गेल्यावर साहेबांच्या बायकोने माळ्यावरचं शिलाई मशीन खाली काढलं होतं. हॉलची खिडकी ही घरातली एकमेव चांगल्या उजेडाची जागा, तिथे ते मांडलं होतं. मग कोरफडीला ऊन हवं म्हणून मशीन हातभर सरकलं, मनी प्लांटसाठी आणखी हातभर, आणि सरकत सरकत कपाटाच्या आडोशाला जाऊन पोचलं.

“अहो, मला सुईत दोरा ओवता येत नाहीये इथे.”

“आठ दिवस थांब गं. याला कोंब फुटतोय. आत्ता हलवलं तर धक्का बसेल त्याला.”

“आणि मला?”

“तुला काय होतंय? तू खंबीर आहेस.” (ही साहेबांच्या मते स्तुती होती.)

अशात समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या स्टाफचे पांढरे एप्रन तिच्याकडे शिवायला दिले. कित्येक वर्षांनी बाहेरचं काम आलं होतं. ती हरखून गेली. पहिला एप्रन शिवून पाठवला आणि तो परत आला. खिसा आतल्या बाजूला लागला होता. पांढऱ्या कापडाची उलटसुलट बाजू अंधारात कळणार कशी? डॉक्टरीणबाई फोनवर एवढंच म्हणाल्या, “सावकाश होऊ दे काकू, चार दिवसांनी मीच येते घ्यायला.” त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हे काम गेलं तर पुन्हा कोणी आपल्याला विचारणार नाही, हे ती ओळखून होती.

नेमक्या त्याच संध्याकाळी साहेबांनी रबर प्लांट आणला. तोही माणसाएवढा.

दुसऱ्या दिवशी तिने रबर प्लांटवरची नारिंगी चिठ्ठी सोलली, आपल्या खांद्यावर चिकटवली आणि कुंड्यांच्या मधोमध स्टूल टाकून बसली. साहेब घरी आले. चपला काढल्या न काढल्या तोच कोरफडीच्या मातीत बोट घातलं, फर्नला “काय राजे?” म्हणाले, रबर प्लांटची पानं ओल्या फडक्याने पुसली. पुसता पुसता शेवटी त्यांची नजर बायकोच्या खांद्यावर गेली.

“अगं, ही चिठ्ठी कुठल्या झाडाची?”

“ओळखा.”

साहेबांनी चिठ्ठी हलकेच काढून घेतली आणि एकेक कुंडी फिरवून पाहिली. फ्रिजवरच्याही पाहिल्या.

“सापडत नाही बुवा.”

“सर्व्हेअर ना तुम्ही? एवढं मोठं नुकसान समोर बसलंय आणि तुम्हाला दिसत नाही?” ती उठली आणि मशीनवर झाकण घालू लागली. “उद्या सकाळी मशीन घेऊन ताईकडे जाते. तिच्याकडे एक खिडकी रिकामी आहे.”

आवाज चढला असता तर साहेबांनी नेहमीप्रमाणे वाद घातला असता. तो चढला नव्हता. म्हणून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, खरोखर पाहिलं. डोळे ताणून लाल झाले होते. बोटांच्या टोकांना सुया टोचल्याच्या खुणा होत्या. कुठल्या पानावर कधी डाग पडला ते साहेब झोपेतही सांगू शकले असते. या खुणा कधीच्या, ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांना लाज वाटली. जिन्याखालच्या टेबलाशी बसून ज्या गोष्टीसाठी आपण कुढतो, तीच आपण घरात करतो आहोत, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

त्यांनी रबर प्लांट उचलला आणि जिन्यात नेऊन ठेवला. मग एकेक करत सगळी झाडं.

“बदली झाली काय?” खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर वर आले.

“नाही. न्या एखादं. पण आधी सांगा, तुमच्याकडे सकाळचं ऊन येतं की दुपारचं? आणि पाणी कोण घालणार? सूनबाईंचा स्वभाव कसा आहे?”

लेकीचं लग्न ठरवताना साहेबांनी एवढी चौकशी केली नव्हती. तरी रात्रीच्या जेवणाआधी जिना रिकामा झाला. घरात एकटं फर्न उरलं, तेही फ्रिजवर.

“जाऊ नकोस,” ते म्हणाले. “आता आपल्याकडेही एक खिडकी रिकामी आहे.”

बायकोने मशीनवरचं झाकण काढलं.

साहेबांनी एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पश्चात्ताप झालेला माणूस थांबत नाही. डॉक्टरीणबाई यायच्या होत्या त्या सकाळी, बायको आंघोळीला गेल्याचं पाहून, त्यांनी मशीनची सेवा करायला घेतली. मशीनला तेल थेंबाथेंबाने द्यायचं असतं. साहेबांचा हात कुंड्यांवर तयार झालेला, खालून बाहेर येईपर्यंत घालायचं! खालून बाहेर आलं. शिवून ठेवलेल्या एप्रनच्या गठ्ठ्याच्या दिशेने तेलाचा ओघळ निघाला आणि ओल्या केसांनी धावत येऊन बायकोने गठ्ठा उचलला म्हणून वाचला.

“मला नका घालू हो असं पाणी कधी,” ती म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी एप्रन उजेडात धरून पाहिले, खिसे चाचपले, आणि पुढच्या महिन्याचं कामही सांगून टाकलं. मग फ्रिजवरच्या फर्नकडे बघत म्हणाल्या, “काकांची कमाल ऐकली मी हेडमास्तरांकडून. काकू, तुम्हाला नाही का वाटलं कधी, आपणही एखादं असं टाकून दिलेलं आणावं आणि जगवावं?”

“आणलंय की. एकच,” बायको एप्रनची घडी घालत म्हणाली. “चार घरांनी नको म्हणून परत पाठवलं होतं. मला दया आली. खत घातलं, जागा बदलून पाहिली, बोलूनही पाहिलं. फूल काही आलं नाही. पण मरत नाही आणि टाकवतही नाही.”

“अगंबाई! कुठे ठेवलंय?”

“ते काय,” बायको म्हणाली, “तुमच्या पायाशी तेल पुसतंय.”