पाक युसूफांची वेल

आमचे शेजारी पाक युसूफ यांनी कधी कुणाची बेल वाजवली नाही. ते दाराशी यायचे, बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि दारालाच कान लावून उभे राहायचे. आपण दार उघडलं की समोर चेहऱ्याऐवजी कान. "पोकळ," ते तोंड वाकडं करून निकाल द्यायचे, "नो ट्री इनसाइड, ला." अमेरिकेत, बॉथेलमधल्या आमच्या गल्लीत त्यांना एकाही दारात झाड सापडलं नव्हतं.

पाक म्हणजे मलय भाषेत काका, आणि 'ला' हे तिकडच्या बोलण्याचं शेपूट. मलेशियात समुद्राकाठच्या गावात चाळीस वर्षं लाकडावर नक्षी कोरलेला हा उस्ताद बायको गेल्यावर मुलीकडे अमेरिकेत आला. मुलीने गाडी पावसात उभी करून वडिलांना गॅरेज दिलं. तिथे ते आधी लाकडाला सलाम करत आणि मगच पटाशी हातात घेत. एका पानाला आठवडा लागायचा. मी घाई केली की "स्लो-स्लो, ला." वेलीचं टोक शेजारच्या पानाला टोचता कामा नये, हा त्यांच्याकडचा सक्त नियम. एकदा जरासं टोचलं, तर महिन्याचं काम त्यांनी शेकोटीत घातलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले. आमचं असं काही टोचलं तर आम्ही पुढच्या रिलीजमध्ये बघतो.

२००५ साली आम्ही त्यांच्या शेजारी घर घेतलं. वास्तुशांतीला त्यांनी दारावर लावायला हातभर लांबीची कोरीव पट्टी दिली. काय वेल होती ती! मी हौसेने त्याच संध्याकाळी ती लावली, पानांची टोकं खाली करून. दारावर तोरण म्हटलं की पानं खालीच लोंबणार, यात विचार कसला करायचा?

त्यानंतर पाक आमच्याकडे यायचेच बंद झाले. तीन आठवडे वाट बघून बायको म्हणाली, "आपलं काही चुकलं का रे?" शेवटी मी गॅरेजमध्ये गेलो.

"पाक, रागावलात का?"

पटाशी पुसत ते हळूच म्हणाले, "वेल वर चढते. तुम्ही उलटी लावली."

"अहो, मग त्याच दिवशी सांगायचं ना!"

"दुसऱ्याच्या घरात मी कसं बोलू?"

मी त्यांना तसाच घेऊन आलो, स्टुलावर चढून पट्टी काढली. मागच्या बाजूला, वेलीच्या मुळाशी, बारीक अरबी अक्षरं कोरलेली होती.

"मूळ मागे असतं," ते म्हणाले. "दिसायचं नसतं. रोकिया. माय वाइफ." इकडे आल्यापासून केलेल्या प्रत्येक वेलीच्या मुळाशी ते तिचं नाव कोरत होते. मला फार वाईट वाटलं.

मी पट्टी सरळ करून लावली.

"तिला बोटीतसुद्धा चक्कर यायची," पाक म्हणाले. "थ्री वीक्स अपसाइड डाउन, ला." ते हसत होते आणि बाहीने डोळे पुसत होते.

मी अजून स्टुलावरच होतो. पट्टीकडे बघून म्हटलं, "सॉरी, काकू."